देशाच्या नावाने गाणार कोण?



गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या तळेगाव परिसरात शाळकरी मुलांची देशभक्तीपर समूहगान स्पर्धा होती. बुद्धविहारात संध्याकाळी आम्ही अभ्यासिका चालवतो, तिथल्या सात मुलींनी महिनाभर तयारी केली. गाणे संविधानाच्या उद्देशिकेवर होते. शब्द त्यांनीच जुळवले होते, चालही त्यांचीच. शेवटच्या कडव्यात बाबासाहेबांचे नाव होते. नाव नोंदवायला गेलो तेव्हा संयोजकांनी कागद वाचला आणि अगदी गोड आवाजात सांगितले, "गाणं छान आहे हो. पण हे देशभक्तीत बसत नाही. हे तुम्ही चौदा एप्रिलला म्हणा."

परत येताना सातवीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, मंग आपलं गानं देशाचं नाही काय?"

समाजशास्त्रात एम.ए. केले, पंधरा वर्षे चळवळीत घातली, पण त्या पोरीला रस्त्यात उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. आणि ते उत्तर फक्त तळेगावचे नाही. देशाचे गाणे कोणते, ते कोण ठरवतो आणि देशाच्या नावाने गायला कोणाला उभे करतात, हा प्रश्न साऱ्या जगात आहे. म्हणून आधी थोडे लांब जाऊ, मग पुन्हा गावात येऊ.

गाण्याची स्पर्धा आणि देशाचा चेहरा

युरोपात १९५६ पासून युरोव्हिजन नावाची गीतस्पर्धा होते. पहिली स्पर्धा स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात झाली, तेव्हा फक्त सात देश होते. आज करोडो लोक ती बघतात. या स्पर्धेत गायक स्वतःच्या नावाने उतरत नाही, देशाच्या नावाने उतरतो. त्या त्या देशाची सार्वजनिक प्रसारण संस्था, म्हणजे आपल्याकडच्या दूरदर्शनसारखी संस्था, गाणे पाठवते. दुसरे देश गुण देतात.

आपल्याकडचे शहाणे म्हणतील, गाण्यात कसले राजकारण? तर ऐका. युक्रेनवर हल्ला केल्यानंतर २०२२ मध्ये रशियाला या स्पर्धेतून बाहेर ठेवले गेले. गाझातल्या संहारानंतर तोच नियम इस्रायलला का नाही, हा प्रश्न युरोपातल्या कलावंतांनी लावून धरला. डिसेंबर २०२५ मध्ये आयोजकांनी इस्रायलचा सहभाग कायम ठेवला, तेव्हा स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि पाठोपाठ आइसलँड या पाच देशांनी २०२६ च्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. तीन मिनिटांच्या गाण्यासाठी देश भांडतात, कारण मंचावर उभा राहणारा गळा त्या देशाचा चेहरा होतो. घरात जे चालले आहे ते त्या चेहऱ्याने झाकता येते. म्हणूनच तो चेहरा निवडण्याचा अधिकार सत्ता सहजासहजी सोडत नाही.

दोन उदाहरणे सांगतो.

१९६८ साली स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही होती. जुआन मॅन्युएल सेराट या गायकाची निवड झाली. त्याची मातृभाषा कॅटलान, आणि ती भाषा फ्रँकोच्या राजवटीने दाबून टाकलेली. सेराटने कॅटलानमध्ये गाण्याचा आग्रह धरला. सरकारी दूरचित्रवाणीने नकार दिला, तेव्हा तो बाजूला झाला. ऐनवेळी मासिएल या गायिकेला पाठवले, तिने स्पॅनिशमध्ये तेच गाणे म्हटले आणि स्पेन जिंकला. देश जिंकला, भाषा हरली. सेराटला सरकारी दूरचित्रवाणीची दारे बंद झाली.

दुसरे उदाहरण नॉर्वेचे. सामी हे तिथले आदिवासी. त्यांच्या भागातल्या आल्टा नदीवर सरकार धरण बांधत होते. १९७९ मध्ये सामी तरुण ओस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले. १९८० मध्ये नॉर्वेने युरोव्हिजनला जे गाणे पाठवले, ते सामींच्या भूमीवरचे. मातिस हेता हा सामी गायक पारंपरिक पोशाखात मंचावर आला आणि त्याने सामींचा पारंपरिक गानप्रकार, योइक, साऱ्या युरोपला ऐकवला. किती मोठ्या मनाचे सरकार, असे वाटेल. पण जानेवारी १९८१ मध्ये त्याच सरकारने शेकडो पोलीस पाठवून आल्टाच्या आंदोलकांना उचलून नेले. धरण झाले.

म्हणजे सत्तेकडे दोन रीती आहेत. पहिली, गाणे पाठवायचेच नाही. दुसरी त्याहून हुशार: गाणे पाठवायचे आणि गाणाऱ्यांना घरी पोलिसांच्या हवाली करायचे. भारताला या दोन्ही चांगल्या अवगत आहेत.

आपल्या मातीतला हिशेब

भारत युरोव्हिजनमध्ये नाही. पण देशाच्या नावाने बाहेर गाणे जाण्याचा इतिहास आपल्या दारातच आहे. तळेगावच्या एका बाजूला आष्टी. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे आणि चिमूरला इंग्रजांच्या गोळ्या झेलल्या गेल्या. लोकांना भजनांतून पेटवल्याचा ठपका राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांवर आला. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. तळेगावच्या दुसऱ्या बाजूला, अमरावतीच्या रस्त्यावर, गुरुकुंज मोझरी. तिथले हेच तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला गेले आणि तिथे खंजिरीवर गायले. म्हणजे १९४२ मध्ये जो गळा राज्यकर्त्यांना धोका वाटला, तोच गळा तेरा वर्षांनी भारताचा आवाज झाला.

महाराजांच्या ईश्वरप्रार्थनेच्या मार्गाशी आम्हा बौद्धांचा मतभेद आहे, तो आम्ही लपवत नाही. पण त्यांनी अस्पृश्यतेवर आणि अंधश्रद्धेवर खंजिरी वाजवली हेही खरे. इथे मुद्दा वेगळा आहे. राज्य बदलले तसा त्यांच्या गाण्याचा दर्जा बदलला. मग राज्य बदलूनही ज्यांच्या गाण्याचा दर्जा बदलला नाही, ते कोण?

अण्णाभाऊ साठे. स्टॅलिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिणारा हा मातंग समाजातला शाहीर. स्वतंत्र भारतात मुंबई सरकारने त्यांच्या तमाशांवर बंदी घातली. १९६१ मध्ये ते रशियाला गेले ते सरकारी पाहुणे म्हणून नाही, मित्रांनी आणि चाहत्यांनी पैसे गोळा केले म्हणून गेले. वर्षानुवर्षे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले आणि १८ जुलै १९६९ ला हलाखीतच गेले. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. पुतळा झाला याचा आनंदच आहे. पण पुतळा गात नाही, म्हणून तो चालतो. गाणारा अण्णाभाऊ चालत नव्हता.

आता अलीकडचे बघा. 'कोर्ट' हा मराठी चित्रपट २०१५ मध्ये भारताने ऑस्करसाठी अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठवला. ऑस्कर ही काही गाण्याची स्पर्धा नाही. पण या चित्रपटाच्या मध्यभागी गाणेच आहे. नारायण कांबळे नावाचा लोकशाहीर, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप, आणि वर्षानुवर्षे लांबणारा खटला. शाहिराची भूमिका आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली. ते चळवळीचे कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. गाणी संभाजी भगत यांची. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारातले सुवर्णकमळ मिळाले, व्हेनिसच्या महोत्सवात सन्मान मिळाला. भारताने जगाला सांगितले, बघा, आमच्याकडे असा शाहीर आहे आणि त्याची गोष्ट सांगायची मोकळीकही आहे.

आणि त्या वेळी खरे शाहीर कुठे होते? कबीर कला मंचाचे सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर तुरुंगात होते. २००२ च्या गुजरात हत्याकांडानंतर पुण्यात उभे राहिलेले हे पथक वस्त्यावस्त्यांत जातीवर, शोषणावर गात होते. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप ठेवून त्यांच्यावर यूएपीए लावला गेला. आरोप नाकारत शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये स्वतःहून पोलिसांसमोर हजर झाले. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला काही महिन्यांत जामीन मिळाला, पण बाकी तिघांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. सप्टेंबर २०२० मध्ये गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना एल्गार परिषद प्रकरणात पकडले.

हे नीट समजून घ्या. पडद्यावरचा तुरुंगातला शाहीर देशाचा प्रतिनिधी म्हणून परदेशी निघाला, तेव्हा खरे शाहीर खऱ्या तुरुंगात जामिनाची वाट बघत होते. नॉर्वेने जे एका वर्षाच्या अंतराने केले, ते आपण एकाच वेळी करून दाखवले. वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ ला, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने गेले. त्यांना लोकांनी ओळखले ते कोर्टातला आरोपी म्हणून.

तमिळनाडूतली गोष्टही आपलीच आहे. अरिवू हा आंबेडकरी रॅप गायक. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीच्या आठवणींतून त्याने 'एन्जॉय एन्जामी' लिहिले. २०२१ मध्ये गाणे देशभर गाजले. एका संगीत मासिकाने मुखपृष्ठ छापले, त्यावर गायिका होती, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला. जुलै २०२२ मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाड झाले, जगभरातले खेळाडू आले, उद्घाटनात हेच गाणे सादर झाले. तेव्हाही अरिवू मंचावर नव्हता. तो त्या वेळी परदेशात होता असे कारण दिले गेले. असेलही. पण जगासमोर गाणे उभे राहते आणि ज्याच्या आजीचा घाम त्यात आहे तोच दिसत नाही, हे पुन्हा पुन्हा आपल्याच बाबतीत का घडते?

बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे

मित्रहो, हा प्रश्न संगीताचा वाटतो, पण मुळात तो प्रतिनिधित्वाचा आहे. आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न बाबासाहेबांइतका कोणी सोडवलेला नाही.

जानेवारी १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी तिथे एक भेद मांडला: मतांचे प्रतिनिधित्व वेगळे आणि माणसांचे प्रतिनिधित्व वेगळे. तुमचे दुःख दुसरा कोणी बोलून दाखवेल, चांगलेही बोलेल. पण तेवढ्याने लोकशाही होत नाही. ज्याचे दुःख आहे तो स्वतः तिथे हजर पाहिजे. पुढे १९३१ मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी आपणच असल्याचा दावा केला, तेव्हा बाबासाहेबांनी तो तोंडावर नाकारला. अस्पृश्यांविषयी कळवळा असणे आणि अस्पृश्यांचा प्रतिनिधी असणे या दोन गोष्टी आहेत.

हीच कसोटी गाण्याला लावा. आमच्या दुःखावरचे गाणे देशाच्या नावाने बाहेर गेले, तर ते मतांचे प्रतिनिधित्व झाले. माणसांचे कुठे आहे? गाणे निवडणाऱ्या समितीत आम्ही किती? ज्याने ते जगून लिहिले त्याचे नाव कुठे? तो मोकळा आहे की कोठडीत?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा: कलेत जात आणू नका. आम्ही आणलेली नाही, ती आधीपासून ठाण मांडून बसली आहे. एकाचा राग 'शास्त्रीय', दुसऱ्याची हलगी 'लोककला', आणि तिसऱ्याचे भीमगीत 'राजकीय', ही वर्गवारी आम्ही केलेली नाही. ज्या देशात हलगी वाजवणे हे जातीचे काम ठरवले गेले, त्या देशात कलेतली जात दाखवणारा जातीयवादी आणि जपणारा रसिक, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

दुसरा आक्षेप: बाहेर जाऊन जातीवर गाल तर देशाची बदनामी होईल. बदनामी अत्याचाराने होते, अत्याचारावरच्या गाण्याने होत नाही. खैरलांजीवर गाणे झाले म्हणून देशाची मान खाली गेली नाही, खैरलांजी झाली म्हणून गेली.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. आपले तरुण म्हणतात, कशाला हवा यांचा मंच? आपण आपले मंच उभे करू. उभे केलेच पाहिजेत. आंबेडकरी जलशांनी गावोगाव जे काम केले ते कोणत्याही सरकारी अनुदानाशिवाय केले. पण दूरदर्शन आणि आकाशवाणी आपल्याही करातून चालतात. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून देशाचे कलावंत परदेशी पाठवते, तोही पैसा आपला आहे. आशिया-पॅसिफिकच्या प्रसारण संघाचा २०१२ पासून स्वतःचा गीतमहोत्सव आहे आणि आपली प्रसार भारती त्या संघाची सदस्य आहे. अशा ठिकाणी भारताचे म्हणून कोणते गाणे उभे राहावे हे ठरवण्यात आपला वाटा का नको? १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेवर काँग्रेसने बहिष्कार टाकला. बाबासाहेब गेले. जिथे आपल्याविषयी निर्णय होतो तिथली खुर्ची त्यांनी कधी रिकामी सोडली नाही.

मग करायचे काय?

मागण्या सरळ आहेत. देशाच्या नावाने कलावंत निवडणाऱ्या प्रत्येक समितीची सामाजिक रचना जाहीर करा. अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त आणि स्त्रिया तिथे निवड करणारे म्हणून बसले पाहिजेत, नुसते नाचगाणे करणारे म्हणून नाही. गाणे ज्याचे त्याचे नाव मंचावर, पडद्यावर आणि मानधनाच्या कागदावर लागले पाहिजे. आणि गाण्यासाठी कोणाला कोठडीत टाकणार असाल, तर त्याच्या गोष्टीची प्रवेशिका जगात मिरवू नका.

पण मित्रहो, हे मागताना स्वतःच्या अंगणातही बघावे लागेल. चौदा एप्रिलला आपण डीजेवर लाखाच्या गोष्टी करतो आणि शाहिराच्या पार्टीला मानधन देताना घासाघीस करतो. वामनदादा कर्डकांनी आपल्या गाण्यांच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफून ठेवले. डीजेवाला ते कडवे येण्याआधीच गाणे बदलतो आणि आपण नाचत राहतो. प्रस्थापितांनी अरिवूला मुखपृष्ठावरून वगळले याचा राग आपल्याला येतो, यायलाच हवा. मग आपण वामनदादांना रोज वगळतो त्याचे काय? विहारात गाणाऱ्या किती मुलींना आपण मिरवणुकीच्या मंचावर माईक देतो?

म्हणून यंदापासून आम्ही तळेगावात तीन गोष्टी ठरवल्या आहेत. प्रत्येक गाण्याआधी कवीचे आणि गायकाचे नाव घ्यायचे. जयंतीच्या वर्गणीतला ठरलेला हिस्सा आधी गायन पार्टीसाठी बाजूला काढायचा, मग बाकी खर्च. आणि पुढच्या जानेवारीत त्याच स्पर्धेला, त्याच गाण्याचा अर्ज पुन्हा भरायचा. या वेळी लेखी. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी द्या. संविधानाची उद्देशिका देशभक्तीत बसत नाही, एवढे एक वाक्य सही करून द्या. ते आम्ही विहाराच्या भिंतीवर लावू.

जाता जाता युरोपातली आणखी एक गोष्ट. ६ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालचे गाणे युरोव्हिजनमध्ये अगदी तळाला राहिले. अठराच दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री, तेच गाणे रेडिओवर लागले. हुकूमशाहीविरुद्ध उठाव करणाऱ्या सैनिकांनी ते निघण्याची खूण म्हणून ठरवले होते. दुसऱ्या दिवशी जवळपास अर्धशतकाची राजवट कोसळली. परीक्षकांनी तळाला टाकलेले गाणे इतिहासाने असे उचलले.

म्हणून त्या पोरीला माझे उत्तर: बाई, तुझे गाणे देशाचेच आहे. ज्या संविधानाने हा देश 'आम्ही भारताचे लोक' म्हणून उभा राहिला, त्यावर तू गातेस. तुझे गाणे ज्यांच्या देशात बसत नाही, त्यांनी आपला देश तपासून घ्यावा. तू चाल विसरू नकोस. जानेवारी पुन्हा येते आहे.

जय भीम! जय संविधान!

तळेगाव (श्यामजी पंत), जि. वर्धा